ग्रामसभेत सही करण्याआधी हे वाचा : कोरम, ठराव, टँकर, दारूबंदी आणि गावाच्या हक्काची पूर्ण माहिती

छत्रपती संभाजीनगर : दवंडी झाली, नोटीस लागली, सभेची वेळ सकाळी दहाची. साडेअकरा वाजले तरी मंदिराच्या ओट्यावर मोजून पंधरा माणसं. शिपाई रजिस्टर घेऊन गल्लीत फिरतो. "भाऊ, सही करून टाका, कोरम भरायचाय." माणूस सही करतो आणि शेताकडं निघून जातो. संध्याकाळी सभा पार पडल्याचं कळतं. कोणते विषय झाले, कोणता ठराव झाला, हे मात्र गावात कुणालाच धड सांगता येत नाही.

जिल्ह्यातल्या नऊही तालुक्यांत हे चित्र नवं नाही. पैठण असो, सिल्लोड असो की सोयगाव, टँकर वेळेवर का आला नाही, घरकुलाच्या यादीतून नाव कसं गेलं, गायरानावर पत्रे कसे उभे राहिले, असे प्रश्न पुढं सहा महिन्यांनी निघतात. तेव्हा अधिकारी एकच गोष्ट विचारतात : "ग्रामसभेचा ठराव आहे का?" असेल तर त्यावर गावाच्याच सह्या असतात. नसेल तर गावानं कधी मागणीच केली नाही असा अर्थ निघतो.

म्हणून ग्रामसभा म्हणजे नेमकं काय, तिथं काय ठरतं आणि गावकऱ्यानं आपला शब्द कागदावर कसा आणायचा, याची माहिती इथं एकत्र दिली आहे.

ग्रामसभा आणि मासिक सभा यात फरक काय?

या दोन वेगळ्या सभा आहेत. अनेकांचा इथंच गोंधळ होतो.

मासिक सभा ही ग्रामपंचायतीच्या निवडून आलेल्या सदस्यांची. लोकसंख्येप्रमाणे ग्रामपंचायतीत 7 ते 17 सदस्य असतात. रोजचा कारभार, खर्चाला मंजुरी, दाखले, अर्ज हे विषय तिथं होतात.

ग्रामसभा ही सगळ्या गावाची. गावाच्या मतदार यादीत ज्याचं नाव आहे, तो प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य. त्यासाठी निवडून यावं लागत नाही. घरपट्टी थकली म्हणून किंवा पार्टी वेगळी म्हणून कुणाला ग्रामसभेतून उठवता येत नाही.

73 व्या घटनादुरुस्तीनं ग्रामसभेला राज्यघटनेत जागा दिली. ही दुरुस्ती 24 एप्रिल 1993 पासून लागू झाली. आपल्या राज्यात ग्रामपंचायतीचा कारभार 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमानुसार चालतो आणि ग्रामसभेच्या तरतुदी त्याच्या कलम 7 पासून सुरू होतात.

एक गोष्ट लक्षात ठेवा. आदिवासी भागातल्या ग्रामसभांना 'पेसा' कायद्यानं जास्तीचे अधिकार आहेत. राज्यातल्या 13 जिल्ह्यांत हे क्षेत्र आहे, त्यात आपला जिल्हा नाही. त्यामुळं मोबाईलवर फिरणारे पेसाचे मेसेज वाचून "आपल्यालाही हे अधिकार आहेत" असं समजू नका. आपल्या गावाला सर्वसाधारण कायदा लागू आहे आणि तोही कमी ताकदीचा नाही.

सभा कधी होते, नोटीस किती दिवस आधी?

आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घेणं बंधनकारक आहे. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या तारखा गावांना वर्षानुवर्षं सवयीच्या आहेत. याशिवाय सरपंच गरजेप्रमाणे विशेष ग्रामसभा बोलावू शकतात.

- सर्वसाधारण ग्रामसभेची नोटीस किमान 7 दिवस आधी हवी.
- विशेष ग्रामसभेची नोटीस किमान 4 दिवस आधी हवी.
- नोटिशीत तारीख, वेळ, जागा आणि विषय लिहिलेले हवेत.
- ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. तिथं झालेले विषय मुख्य ग्रामसभेपुढं येतात.

सबळ कारण नसताना ग्रामसभा घेतली नाही, तर सरपंचाचं पद जाऊ शकतं. कारण सबळ होतं की नाही, याचा निर्णय जिल्हाधिकारी देतात. त्यामुळं सभा कागदावर तरी 'घेतली' जातेच. खरा प्रश्न ती गावासमोर झाली का, हा असतो.

कोरमचं गणित

ग्रामसभेला एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 मतदार, यापैकी जो आकडा कमी असेल तितकी हजेरी लागते.

- मतदार 400 असतील तर कोरम 60.
- मतदार 600 असतील तर कोरम 90.
- मतदार 2,500 असतील तरी कोरम 100 च.

म्हणजे मोठ्या गावात अडीच हजार मतदारांचा निर्णय शंभर जणांच्या हजेरीत होऊ शकतो. कोरम भरला नाही तर सभा तहकूब होते. तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा कोरमची अट राहत नाही. तिथं आधीच्याच नोटिशीतले विषय घेता येतात, नवा विषय घुसवता येत नाही.

"कोरम नाही, चला घरी" म्हणून निघून जाणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. तुम्ही गेलात तरी सभा होणार आहे, फक्त तुमच्याशिवाय होणार आहे.

सह्या आधी आणि लिखाण नंतर : इथंच गाव फसतं

ग्रामसभेत दोन कागद महत्त्वाचे. एक हजेरीचं रजिस्टर आणि दुसरं इतिवृत्त, म्हणजे प्रोसिडिंग बुक. हजेरीवरची सही एवढंच सांगते की तुम्ही आला होतात. प्रोसिडिंगमध्ये ठराव लिहिला जातो. त्यात सूचक कोण, अनुमोदक कोण आणि काय ठरलं याची नोंद असते.

अनेक गावांतली तक्रार सारखीच असते. हजेरी सभेत होते आणि प्रोसिडिंग मात्र नंतर सावकाश लिहिलं जातं. सभेत ज्याला विरोध झाला तो विषय पुढं "सर्वानुमते मंजूर" म्हणून निघतो. तोंडी बोलणं हवेत विरून जातं, राहतं ते लिहिलेलं. म्हणून :

1. को-या पानावर किंवा घरपोच आलेल्या रजिस्टरवर सही करू नका. सही सभेच्या जागीच करा.
2. प्रत्येक विषय संपल्यावर ठराव मोठ्यानं वाचून दाखवा, असा आग्रह धरा.
3. तुमचा विरोध असेल तर "माझा विरोध नावासह लिहा" असं सांगा. मतं मोजायची वेळ आली तर बाजूनं किती आणि विरोधात किती, हे आकडे लिहायला लावा.
4. शेवटच्या ठरावानंतर प्रोसिडिंगमध्ये मोकळी जागा राहिली असेल तर आडवी रेघ मारायला सांगा.
5. सभेचं व्हिडिओ चित्रीकरण करण्याच्या शासनाच्या सूचना आहेत. चित्रीकरण होतंय का ते विचारा.

ठरावाची नक्कल हवी असेल तर ग्रामपंचायतीकडं अर्ज करा. दिली नाही तर माहिती अधिकारात मागा. अर्जाची फी 10 रुपये, दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला फी नाही. 30 दिवसांत उत्तर मिळायला हवं. नाही मिळालं तर पहिलं अपील करता येतं. अर्ज एका विषयावर, थोडक्यात आणि नेमका लिहा : "अमुक तारखेच्या ग्रामसभेची नोटीस, हजेरी रजिस्टर आणि इतिवृत्ताच्या छायांकित प्रती द्याव्यात."

पाणी : मे महिन्याचा टँकर जानेवारीत ठरतो

आपल्या जिल्ह्यात ग्रामसभेचा सगळ्यात तातडीचा विषय पाण्याचा. वैजापूर, गंगापूर, पैठण, फुलंब्रीच्या कितीतरी वाड्या-वस्त्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. जायकवाडीचा फुगवटा दिसतो त्या गावांतसुद्धा हंडे रांगेत लागतात.

टंचाईचा कृती आराखडा तीन टप्प्यांत होतो : ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च आणि एप्रिल ते जून. गावाची मागणी या आराखड्यात आधी आली तर पुढचं काम सोपं जातं. विहिरी आटल्यावर मे महिन्यात धावपळ करण्यापेक्षा 26 जानेवारीच्या ग्रामसभेतच ठराव झालेला बरा.

टँकरचा रस्ता साधारण असा असतो. ग्रामपंचायतीचा ठराव आणि प्रस्ताव पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांकडं जातो. तहसीलदार आणि गटविकास अधिकारी यांची संयुक्त पाहणी होते. मग मंजुरी मिळते. त्याआधी जवळच्या खासगी विहिरीचं अधिग्रहण होऊ शकतं का, बोअर दुरुस्त होतो का, हे पाहिलं जातं. टँकर हा शेवटचा उपाय मानला जातो. विहीर अधिग्रहित झाली तर मालकाला मोबदला मिळतो.

ठरावात या गोष्टी नावानिशी लिहा :

- फक्त गावाचं नाव नको, प्रत्येक वाडी, तांडा आणि वस्तीचं नाव आणि तिथली लोकसंख्या.
- कोणत्या विहिरी, कोणते बोअर आटले आणि कधीपासून.
- जवळपास पाणी असलेली खासगी विहीर कोणती.
- टँकर कुठं रिकामा करायचा : सार्वजनिक विहीर की टाकी.

टँकरचं पाणी माणशी रोज 20 लिटर या हिशेबानं मिळतं. म्हणजे 600 माणसांच्या वस्तीला रोज 12,000 लिटर. ठरावात वस्तीची लोकसंख्या 400 लिहिली गेली तर पाणी 8,000 लिटरच मंजूर होणार, मग उरलेल्या 200 माणसांनी काय करायचं? लिहिताना झालेली एक चूक अख्ख्या उन्हाळ्यात हंड्यांना भोवते.

टँकर सुरू झाल्यावर खेपांची नोंद लॉगबुकमध्ये होते आणि त्यावर गावकऱ्यांच्या, विशेषतः महिलांच्या सह्या घेतल्या जातात. इथंही नियम तोच. जितक्या खेपा आल्या तितक्यांवरच सही करा. "ताई, दोन दिवसांच्या एकदमच करा" म्हटलं तर सरळ नाही म्हणा. न आलेल्या खेपेवर सही झाली की ते पाणी कागदावर गावानं पिऊन टाकलेलं असतं.

नळयोजनेचं काम चालू असलेल्या गावांनी जलजीवन मिशनचे प्रश्न ग्रामसभेत विचारावेत. या योजनेत माणशी रोज 55 लिटर पाण्याचं उद्दिष्ट आहे. योजना ग्रामपंचायतीच्या ताब्यात आली का? टाकीची चाचणी झाली का? शेवटच्या घरापर्यंत पाणी चढतं का? गावची पाणीपुरवठा व स्वच्छता समिती ग्रामसभेत निवडली जाते आणि तिच्यात निम्म्या महिला हव्यात. योजना अपुरी असताना "काम पूर्ण झाले" असा ठराव मागितला जात असेल, तर आधी गल्लीगल्लीतले नळ पाहून या.

सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून 500 मीटरच्या आत नव्या विहिरीला कायद्यानं बंधन आहे, हेही माहीत असू द्या.

गावाचा पैसा : कुठून येतो, कोण ठरवतं?

'आमचा गाव, आमचा विकास' या नावानं दरवर्षी गावाचा आराखडा होतो. आराखड्याला मंजुरी ग्रामसभेची लागते. यादीत नसलेलं काम पुढं घुसवणं अवघड आणि यादीत असलेलं काम टाळणंही अवघड. त्यामुळं गल्लीतला नाला, शाळेचं शौचालय, स्मशानभूमीचा रस्ता जे हवं असेल ते यादीत आलं पाहिजे.

2021-26 या काळासाठी आलेल्या 15 व्या वित्त आयोगाच्या निधीत 60 टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधील होती आणि 40 टक्के गावाच्या गरजेप्रमाणे खर्चायची होती. यातली कामं गावात खरंच झाली का, हे ग्रामसभेत विचारता येतं.

ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. गावात दिव्यांग व्यक्ती असेल तर "पाच टक्के कुठं खर्च झाले?" हा प्रश्न दरवर्षी विचारलाच पाहिजे.

हिशेब मोबाईलवरही दिसतो. केंद्र सरकारच्या ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडलं की आराखडा आणि खर्च पाहता येतो. सभेला जाताना त्याचा स्क्रीनशॉट काढून न्या. तोंडी आरोप केला की भांडण होतं, आकडा दाखवला की उत्तर द्यावं लागतं.

घरकुल आणि गायरान

घरकुलाच्या यादीचं वाचन ग्रामसभेत होतं. नाव वगळलं असेल तर कारण विचारा आणि हरकत लेखी द्या. नंतर तालुक्याला दहा चकरा मारण्यापेक्षा यादी वाचनाच्या दिवशी हजर राहणं स्वस्त पडतं.

गायरानाबाबत सर्वोच्च न्यायालयानं 28 जानेवारी 2011 ला जगपाल सिंग प्रकरणात गावाच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं काढण्याचे निर्देश राज्यांना दिले. त्यानंतर महाराष्ट्र शासनानं 12 जुलै 2011 च्या निर्णयानं गायरान वाटपावर कडक निर्बंध घातले. मात्र गायरानावर पिढ्यानपिढ्या कसणारी, भूमिहीन कुटुंबंही मराठवाड्यात आहेत. अशा विषयावर घाईत, रागात ठराव करू नये. कोणती जागा, कोणाचा ताबा, कधीपासून, याची नोंद झाल्याशिवाय सही करू नये.

दारूबंदी : आडवी बाटली कशी होते?

गावातलं परवान्याचं दारू दुकान बंद करायचं असेल तर नुसता ठराव पुरत नाही. 2008 च्या आदेशाप्रमाणे मतदान होतं. त्याच्या पायऱ्या अशा :

1. एकूण मतदारांपैकी किंवा महिला मतदारांपैकी किमान 25 टक्के जणांनी सह्यांनिशी मागणी करायची.
2. राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून सह्यांची पडताळणी होते.
3. गुप्त मतदान होतं. 'उभी बाटली' म्हणजे दुकान राहू द्या, 'आडवी बाटली' म्हणजे बंद करा.
4. आडव्या बाटलीला 50 टक्क्यांपेक्षा जास्त मतं लागतात, आणि तीही यादीतल्या एकूण मतदारांच्या.

चौथी पायरी नीट समजून घ्या. समजा महिला मतदार 1,000 आहेत. मतदानाला 600 आल्या आणि 480 जणींनी आडवी बाटली केली, तरी दुकान चालूच राहतं, कारण 500 पेक्षा जास्त मतं हवीत. घरी राहिलेली प्रत्येक बाई उभ्या बाटलीच्या बाजूनं मोजल्यासारखीच असते. म्हणून मतदानाच्या दिवशी मजुरीला गेलेल्या, माहेरी गेलेल्या लेकी-सुनांना आणण्याची सोय करणं हेच खरं काम.

सरपंचावर अविश्वास

थेट जनतेतून निवडून आलेल्या सरपंचावर पहिली दोन वर्षं अविश्वास ठराव आणता येत नाही. त्यानंतर तीन चतुर्थांश सदस्यांनी ठराव मंजूर केला, तरी तो विशेष ग्रामसभेपुढं गुप्त मतदानासाठी येतो. म्हणजे शेवटचा शब्द गावाचा.

ज्या गावांनी करून दाखवलं

लांब जायची गरज नाही. शहराला लागून असलेलं पाटोदा गाव माजी सरपंच भास्करराव पेरे पाटील यांच्या काळात राज्यभर पोहोचलं. कर वेळेवर भरणाऱ्या कुटुंबाला दळण फुकट, पिण्याचं पाणी एटीएम कार्डावर. त्यामागचा हिशेब सोपा होता. लोकांना कराचा मोबदला डोळ्यांसमोर दिसला, म्हणून लोकांनी कर भरला आणि कर आला म्हणून सोयी वाढल्या.

शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली 1989 नंतर पाण्याचे नियम गावात बसून ठरवले. शेतीसाठी बोअर नको, ऊस-केळीसारखी जास्त पाण्याची पिकं नकोत, पाऊस किती झाला त्यावर पीक ठरवायचं. दुष्काळी गावानं हे पाळलं, कारण नियम ग्रामसभेत सगळ्यांनी मिळून केले होते.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड गावानं मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात शासनानं परिपत्रक काढून इतर गावांना तसंच करण्याचं आवाहन केलं. एका गावाचा ठराव मंत्रालयापर्यंत पोहोचला.

तक्रार कुठं करायची?

आधी ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे पूर्वीचे ग्रामसेवक, यांच्याकडं लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मग पंचायत समितीत गटविकास अधिकारी. तिथं दाद लागली नाही तर जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी. कर्तव्यात कसूर किंवा गैरवर्तनाबद्दल सरपंच, सदस्यांना पदावरून काढण्याची कारवाई कलम 39 खाली विभागीय आयुक्त करतात. त्यासाठी कागद लागतात, नुसत्या चर्चेवर काही होत नाही.

सभेला जाताना : पाच गोष्टी

- नोटिशीचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा.
- आपला विषय चार दिवस आधी लेखी द्या, पोच घ्या.
- एकटे जाऊ नका. गल्लीतले पाच-सात जण आणि घरातल्या बायकांना सोबत घ्या.
- एका सभेत एकच मुद्दा धरून बसा. दहा विषय काढले की एकही लिहिला जात नाही.
- ठराव वाचून झाल्याशिवाय उठू नका.

शिपाई पुढच्या वेळी रजिस्टर घेऊन शेताच्या बांधावर आला, तर त्याला पाणी पाजा, चहा पाजा. सही मात्र सभेत येऊनच करा.